पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरचं वायरिंग उंदीर कुरतडतात, पक्का बंदोबस्त काय?

काळीमाती_हिंगणा (प्रश्न):

नमस्कार मंडळी. हिंगणा तालुक्यात वावरातच टिनाचं शेड आहे, २० बाय ३० फूट. खाली काळी माती, वर मुरूम टाकून चोपलेला, कोबा नाही. त्यात ४५ एचपीचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि एका बाजूला सोयाबीनचे कट्टे, ढेप (पेंड), कुटार (भुसा). पेरणी आटोपली की काळ्या जमिनीत चाक घालता येत नाही, त्यामुळे जुलैपासून दसऱ्यापर्यंत ट्रॅक्टर जवळपास उभाच असतो.

आत्ता बोनट उघडल्यावर दिसलेलं नुकसान: अल्टरनेटरची वायर दोन जागी सोललेली, तापमानाच्या काट्याची वायर तुटलेली, नोझलवरचा ओव्हरफ्लो पाईप कुरतडलेला, एअर क्लिनरच्या तोंडाशी कापूस आणि कुटाराचं घरटं. हेडलाईटचा फ्यूज टाकला की लगेच उडतो.

विचारायचं असं की पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा की जोड मारून भागेल? वायरवर जुनं ऑइल चोपडा, डांबरगोळ्या ठेवा, तंबाखू बांधा, आवाजाचं मशीन लावा, असे सल्ले मिळतात, यातलं खरंच काय चालतं? आणि शेडात दोन कुत्रे आणि गाय-वासरू असताना औषध ठेवावं का?

वायरिंगवाला_कळमेश्वर:

भाऊ, सगळ्यात आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग बाकीचं. निगेटिव्ह आधी काढायचं कारण असं की पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो, निगेटिव्ह सुटलेलं असलं की काही होत नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत बॅटरीकडून सेल्फला (स्टार्टर मोटरला) आणि तिथून अल्टरनेटरला जाणाऱ्या वायरीला फ्यूजच नसतो. चावी बंद असली तरी ती वायर जिवंत असते. ती सोलून बॉडीला टेकली तर बॅटरी रिकामी होईपर्यंत तापत राहते, आणि बाजूला कुटाराचं घरटं आणि डिझेल गळणारा पाईप असेल तर शेड पेटायला आणखी काही लागत नाही. म्हणून ट्रॅक्टर आठवड्याहून जास्त उभा राहणार असेल तर निगेटिव्ह काढलेलंच असावं. बाजारात बॅटरी कट-ऑफ स्विच मिळतात, पण हलका घेऊ नका. सेल्फचा करंट त्यातून जातो, म्हणून जाड तांब्याच्या टर्मिनलचा घ्या.

आता हेडलाईटचा फ्यूज. मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार टाकून बघू नका, वायरच जळेल. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून जोडा आणि हेडलाईटचे बल्ब काढून ठेवा. निगेटिव्ह तेवढ्यापुरतं परत जोडून स्विच चालू केल्यावर हा बल्ब पूर्ण पेटला म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब मध्ये असल्याने दोन अँपिअरच्या आतच करंट जातो, त्यामुळे शोधायला निवांत वेळ मिळतो. आता हार्नेस हळूहळू हलवत पुढे जा. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब विझतो किंवा फडफडतो, दोष तिथेच. उंदीर शक्यतो क्लॅम्पच्या जवळ, रेडिएटरच्या खालच्या कडेला आणि डॅशबोर्डच्या मागे कुरतडतो. तिथे त्याला पाय ठेवायला जागा असते.

हार्नेस पूर्ण बदलायची गरज फार कमी वेळा पडते. एकाच जागी पाच-सहा वायरी गेल्या असतील तरी तेवढा तुकडा नवा घालता येतो. पण जोड कसा मारता यावर सगळं आहे. इन्सुलेशन सोलून तांबं बघा. उंदराच्या मुतानं ते काळं-हिरवं पडलेलं असतं, आणि हा काळपटपणा इन्सुलेशनच्या आत बराच लांब जातो. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे छाटत जा. तेवढ्याच जाडीची ऑटोची बहुतारी वायर घ्या: हेडलाईटला १.५ ते २.५ चौरस मिमी, इंडिकेटर आणि काट्यांना ०.७५ ते १, अल्टरनेटरच्या मुख्य वायरीला ४ ते ६. घरगुती फिटिंगची वायर वापरू नका. तिच्या तारा जाड असतात, इंजिनच्या थरथरीने तुटतात, आणि उष्णतेलाही ती कमी टिकते. ऑटोची १०५ अंशांची मिळते.

जोड तांब्याच्या बट कनेक्टरने, रॅचेट प्लायरने दाबून मारा. फक्त सोल्डर केलं तर ते तारांतून वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होते, नेमकी तिथेच पुढे तुटते. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह घाला, जोडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच पुढे जाईल एवढी, आणि गरम केल्यावर कडेने गोंद बाहेर आला पाहिजे. सगळे जोड एकाच जागी न ठेवता दोन-दोन इंच मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठ होते आणि क्लॅम्पमध्ये ती चेपते. काळी पीव्हीसी टेप जोडावर नकोच. नागपूरच्या मे महिन्यात बोनटखाली तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि धूळ धरते. हार्नेस बांधायला कापडी टेप मिळते, ती वापरा.

ओव्हरफ्लो पाईपला जोड मारू नका, नवाच घाला. त्याच मापाचा, डिझेलला चालणारा. पाण्याचा किंवा स्प्रे पंपाचा पाईप दोन महिन्यांत फुगतो. पाईप बदलल्यावर फिल्टरवरच्या स्क्रूने हवा काढा.

आणि हे सगळं होईपर्यंत सेल्फ मारू नका. एअर क्लिनर पूर्ण उघडून घरटं काढा, कागदी फिल्टर उजेडासमोर धरून बघा. कुठेही छिद्र दिसलं की फिल्टर बाद. फुंकून साफ करून परत लावला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा-लायनर खाते, ते खर्चाचं काम वायरिंगच्या कितीतरी पट आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागे आणि सेल्फच्या वर काठी घालून बघा, तिथे गवत राहिलं तर इंजिन गरम झाल्यावर पेटतं.

हात घालण्याआधी टॉर्चचा प्रकाश टाका आणि काठीने बोनट ठोका. उंदराच्या मागे साप येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घोणस शेडात सापडणं नवीन नाही.

गोदाम_उमरेड:

वायरिंगचं वर सांगितलं आहेच. पण मूळ दुखणं वायरीत नाही, त्या कट्ट्यांत आणि कुटारात आहे. एकाच टिनाखाली दाणा, घरट्याचं साहित्य आणि अंधारी उबदार जागा दिली, तर उंदीर वायर कुरतडणारच. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे काहीतरी कडक चावत राहणं त्याला भागच आहे. वायर खायला नाही, झिजवायला आणि वाटेतून बाजूला करायला चावतो. म्हणून चव बिघडवण्याचे उपाय अर्धेच ठरतात.

पहिलं काम: कट्टे आणि ढेप ट्रॅक्टरच्या शेडातून बाहेर. दुसरी जागाच नसेल तर मध्ये पत्र्याची आडभिंत घाला आणि कट्टे विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून एक फूट वर, भिंतीपासून दोन फूट लांब ठेवा, म्हणजे मागे चालत जाऊन लेंड्या दिसतात का ते बघता येतं. सरकी असेल तर ती झाकणाच्या लोखंडी पिंपातच. कुटार ट्रॅक्टरपासून जमेल तेवढं लांब, शक्यतो शेडाबाहेर ताडपत्रीखाली.

दुसरं, बिळं. काळ्या मातीची अडचण अशी की उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि टिनाच्या खालच्या कडेची फट दर वर्षी नव्याने उघडते. सिमेंट लावून बुजवली तरी पुढच्या मे महिन्यात तडा जातो. त्यापेक्षा टिनाच्या आतून आणि बाहेरून, भिंतीला लागून दोन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल चर खणून त्यात २० मिमीची गिट्टी भरा. चुरी नको, मुरूम नको, नुसती सुटी गिट्टी. उंदीर उकरायला लागला की ती ढासळते, बीळ टिकत नाही. मातीसोबत ती हलते, त्यामुळे तडा जायचा प्रश्नच नाही. तुमच्या शेडाचा घेर १०० फूट. आत-बाहेर मिळून २०० फूट लांब, २ फूट रुंद, अर्धा फूट खोल म्हणजे २०० घनफूट, दोन ब्रास. दाराची जागा सोडली तर थोडी कमीच लागेल.

टिनाच्या नागमोडी कडेला खाली जे अर्धगोल भोकं राहतात ती पाव इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) वेल्डेड जाळीने बंद करा. कोंबड्यांची जाळी चालत नाही, तिच्या भोकातून लहान उंदीर आरामात निघतो. लहान उंदराला सहा-सात मिमीची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाते तिथून तो जातो. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका, रबरी पट्टी कुरतडून टाकतो.

शेडाभोवती तीन-चार फूट गवत नको. पावसाळ्यात तरोटा आणि गाजरगवत टिनाला टेकून वाढतं, त्याच्या आडोशाने उंदीर दिवसाही ये-जा करतो.

ट्रॅक्टर भिंतीपासून तीन फूट सोडून मधोमध उभा करा. रोटाव्हेटर जोडलेला ठेवू नका, आणि वरून लोंबणारा दोर किंवा ताडपत्री टायरला, बोनटला टेकायला नको. टायरच्या गुट्ट्यांवरून चढायला तर त्याला वाट आहेच, निदान वरची वाट बंद करा.

काळीमाती_हिंगणा:

गिट्टीचा उपाय पटला. दोन शंका. बोनट उघडं ठेवावं की बंद? आणि वायरींना लोखंडी पाईप घातला तर कुठला?

संत्राबाग_काटोल:

बोनट उघडं ठेवा. उंदराला अंधार आणि आडोसा लागतो, उघड्यावर तो घरटं करत नाही. शक्य असेल तर आत ५ वॅटचा एलईडी रात्रभर चालू ठेवा, मात्र वीज शेडाच्या लाईनवरून, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून नाही.

पण आधी कुरतडणारा कोण ते बघा. बागेतल्या शेडात खार असते, आणि खार दिवसा काम करते. तिला उघडं बोनट, उजेड यानं काही फरक पडत नाही. खार वायरीची साल सोलते, चोथा करून कापसासारखं घरटं करते, आणि नुकसान वरच्या बाजूला जास्त असतं. लेंड्यांवरूनही कळतं: तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक असल्या तर घरातला लहान उंदीर, अर्धा इंच आणि मधे फुगीर असल्या तर मोठा उंदीर. जमिनीत रुंद बीळ आणि तोंडाशी मातीचा ढीग असेल तर तो शेतातला काळा उंदीर किंवा घूस. चिचुंद्री दिसली तर तिला मारू नका, ती किडे खाते, वायरीला तोंड लावत नाही. खारीला विष घालू नका, झाडाची शेडावर आलेली फांदी तोडा आणि वायर झाका.

वायरिंगवाला_कळमेश्वर:

पाईप जीआय फ्लेक्सिबल घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, मुख्य हार्नेसला पाऊण इंची आणि सुट्या वायरींना अर्धा इंची. बाजारात गाडीसाठी मिळणारा काळा नागमोडी प्लॅस्टिक पाईप घर्षणापासून वाचवतो, उंदरापासून नाही. लोखंडी पाईपची दोन्ही टोकं धारदार असतात, तिथे रबरी ग्रोमेट घातलंच पाहिजे. नाहीतर उंदीर करायचा ते काम थरथरीत पाईपच करतो. सेल्फ आणि अल्टरनेटरच्या टर्मिनलपासून दोन इंच अलीकडे पाईप संपवा आणि टर्मिनलवर रबरी बूट चढवा. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये जिथे हालचाल आहे तिथे वायरीला थोडा ढील द्या. पाईपच्या सगळ्यात खालच्या वळणावर पाणी साचू नये म्हणून तोंड खाली ठेवा.

डॅशबोर्डच्या मागे आणि फ्यूज बॉक्सजवळ जी भोकं आहेत ती स्टीलच्या घासणीने बुजवताना जरा जपून. साधं स्टील वूल पावसाळ्यात गंजतं आणि त्याचे तुकडे टर्मिनलवर पडले तर शॉर्ट होतो. स्टेनलेस घ्या, आणि उघड्या टर्मिनलपासून चार बोटं लांब ठेवा. रेडिएटरसमोर जाळी लावायची असेल तर पाव इंचीच, आणि कामाच्या दिवशी काढून ठेवा, कुटार अडकून इंजिन तापतं.

एअर क्लिनरचं तोंड आणि सायलेन्सर कापडी पिशवीने बांधा, पण आठवण म्हणून एक लाल चिंधी स्टेअरिंगला बांधून ठेवा. विसरून सेल्फ मारला तर पिशवी आत ओढली जाते.

पीकसंरक्षण_नागपूर:

औषधाबद्दल. कुत्रे आणि गाय-वासरू त्याच शेडात असताना झिंक फॉस्फाइड शेडाच्या आत अजिबात नको. त्यावर उतारा नाही. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो, मग ते उंदराच्या पोटात असो की कुत्र्याच्या. ते वापरायचंच तर वावरातल्या जिवंत बिळांत, धुऱ्यावर (बांधावर). पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. त्यांत दोन-तीन दिवस नुसता भरडलेला दाणा तेल लावून ठेवा, २० ग्रॅम प्रत्येकी. उंदीर नव्या खाण्याला बिचकतो, ही सवय लावणं टाळलं तर तो जरासं चाखून आजारी पडतो, मरत नाही आणि पुढे महिनोन्‌महिने ते आमिष शिवत नाही. मग विषारी आमिष: दाणा ९६० ग्रॅम, खाद्यतेल २० ग्रॅम, झिंक फॉस्फाइड (८० टक्के) २० ग्रॅम, एकूण १ किलो. लाकडी काडीने कालवा, हातमोजे घालून, उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून. दर बिळात १० ग्रॅम कागदी पुडीत, आत ढकलून वरून बीळ बंद. सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. वाचलेल्यांसाठी पुन्हा तेच औषध वापरू नका, आठ-पंधरा दिवसांनी ब्रोमॅडिओलोन.

शेडात ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्क्याच्या वड्या चालतील, पण उघड्या नाही. तीन इंची पीव्हीसी पाईपचे दीड-दोन फुटांचे तुकडे कापा, वडी मधोमध तारेने बांधा म्हणजे उंदीर ती ओढून गव्हाणीत नेणार नाही, आणि पाईप भिंतीला लागून पक्का बांधा. उंदीर मिशा भिंतीला घासत चालतो, मोकळ्यात ठेवलेलं त्याला सापडतही नाही. दर १५ फुटांवर एक पुरे. हे औषध रक्त गोठू देत नाही, उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी काही झालं नाही म्हणून घाई करू नका. वडी बोनटच्या आत कधीच ठेवायची नाही. एकतर खाणं तिथे दिल्याने तो तिथेच येतो, आणि मेला तर डॅशबोर्डमागे सडतो.

कुत्र्याने मेलेला उंदीर खाल्ला आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर वेळ न घालवता डॉक्टर. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ चालतं. नागपूरजवळ असाल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. माणसाच्या पोटात काही गेलं तर औषधाचं पाकीट सोबत घेऊन मेडिकल किंवा मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं) गाठा, घरी मीठ-पाणी पाजत बसू नका.

खरं म्हणजे तुमच्या शेडासाठी मी आधी सापळे सुचवेन. लाकडी चापाचे सहा-आठ, भिंतीला काटकोनात, चापाची बाजू भिंतीकडे. पहिले दोन-तीन दिवस न लावता नुसतं भाजलेलं खोबरं किंवा शेंगदाणे ठेवा, मग एकाच रात्री सगळे लावा. मेलेला उंदीर डोळ्यांसमोर असतो, कुत्र्याला धोका नाही. वावरात पक्षीथांबे असतील तर गव्हाणी घुबड रात्री बसतं, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन तेच मरतं, हेही ध्यानात घ्या.

डांबरगोळ्या उघड्या शेडात उडून जातात, बंद डब्यातच त्यांचा उपयोग. तंबाखू आणि तिखट चार दिवस. भिवापुरी मिरचीची पूड टाकली तरी पंखा फिरला की ती आपल्याच डोळ्यांत जाते. आवाजाच्या मशीनला उंदीर सरावतो, शिवाय तो आवाज कट्ट्याच्या आणि इंजिनच्या आडून पलीकडे पोचतच नाही. त्या पैशांत गिट्टी येईल.

धानपट्टा_मौदा:

कोणाकडे हार्वेस्टर असेल तर एवढं जोडतो. ट्रॅक्टरपेक्षा त्यात उंदीर जास्त टिकतो, कारण आतच दाणा असतो. धान कापून झाल्यावर एलिव्हेटरच्या बुडाची झाकणं, टाकीतल्या ऑगरखालची झाकणं उघडा, मशीन रिकामं पाच मिनिटं चालवा, बंद करून चावी खिशात ठेवा आणि मग कॉम्प्रेसरने आतून फुंका. रिटर्न एलिव्हेटर हमखास राहून जातो, त्यात दोन-तीन किलो धान सहज असतो. झाकणं उभं असेपर्यंत उघडीच ठेवा. केबिन असेल तर एसीचा फिल्टर काढून बघा, घरटं तिथेच असतं.

घरटं काढताना कोरडं झाडू नका. हातमोजे आणि मास्क घाला, ब्लीचचं पाणी (एकास नऊ) शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग ओलंच उचला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पावसाळ्यात हाताला चीर असेल तर विशेष सांभाळा. कनेक्टरवर मात्र ब्लीच मारू नका, तिथे ओल्या फडक्यानेच.

वायरिंगवाला_कळमेश्वर:

जुन्या ऑइलचं उत्तर राहिलं. ते वायरीवर, रबरी पाईपवर बिलकूल लावू नका. रबर फुगून मऊ पडतं, इन्सुलेशन चिकट होऊन धूळ-कुटार धरतं आणि तेच जळायला तयार असतं. डिझेल आणि ग्रीसचंही तसंच.

आणि ज्यांचा ट्रॅक्टर जानेवारी २०२३ नंतरचा, ५० एचपीच्या वरचा आहे, त्यांच्यात ट्रेम-४ (ट्रॅक्टरच्या धुराचे नियम) मुळे बहुतेक सीआरडीआय (इलेक्ट्रॉनिक डिझेल फवारणीचं) इंजिन आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) असतो. त्यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरी दिसल्या तर त्या कॅनच्या (संगणकांमध्ये संदेश नेणाऱ्या लाईनच्या) असू शकतात, सर्किट बघून खात्री करा. जोड मारताना त्यांचा पीळ तसाच ठेवा, एक-दीड इंचापेक्षा जास्त उकलू नका, दोन्ही सारख्या लांबीच्या ठेवा. बॅटरी काढून दोघींमध्ये मल्टिमीटर लावा: ६० ओहमच्या आसपास आलं तर लाईन ठीक, १२० आलं तर कुठेतरी एक बाजू तुटलेली आहे. अशा ट्रॅक्टरला टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरीला लावू नका. त्या ५ व्होल्टवर चालतात, ईसीयू जाऊ शकतो.

उभा असताना दर आठवड्याला बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. त्याच वेळी ट्रॅक्टर चालू करून इंजिन गरम होऊ द्या आणि दोन-चार फूट मागेपुढे हलवा. जागा बदलत राहिली तर उंदीर तिथे बस्तान बसवत नाही. चालू करण्याआधी मात्र बोनटखाली बघून घ्या, आणि बंद केल्यावर निगेटिव्ह परत काढून ठेवा.